इतिवृत्तात नोंद व्हावी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज मी एका अशा बाईंबद्दल बोलणार आहे, ज्यांचं नाव इथे फार जणांनी ऐकलं नसेल. लीसे क्लावेनेस, नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्ष. जन्म 1981 चा, म्हणजे जवळपास आपल्याच वयाच्या.

त्या मुळात खेळाडू. नॉर्वेकडून 73 सामने खेळल्या. कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली, काही काळ न्यायाधीश म्हणून कामही पाहिलं. 2018 मध्ये महासंघात मोठ्या पदावर आल्या आणि मार्च 2022 मध्ये अध्यक्ष झाल्या. महासंघ 1902 सालचा. 120 वर्षांतल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष.

त्या वर्षीचा विश्वचषक कतारमध्ये होता. तिथली बांधकामं नेपाळ, बांगलादेश आणि आपल्या भारतातून गेलेल्या मजुरांनी केली, आणि त्यांच्या हालांच्या बातम्या जगभर येत होत्या. स्पर्धेवर बहिष्कार टाकावा, अशी मागणी नॉर्वेतल्या क्लबांनीच केली होती. 2021 मध्ये त्यावर मतदान झालं आणि 368 विरुद्ध 121 मतांनी ती फेटाळली गेली. म्हणजे जायचं ठरलं. पण जाऊन गप्प बसायचं का?

अध्यक्ष होऊन महिनाही झाला नव्हता. दोहा इथे फिफाची सर्वसाधारण सभा भरली. क्लावेनेस बोलायला उठल्या आणि यजमानांच्याच घरात त्यांनी सांगितलं, की यजमानपद ज्या रीतीने दिलं गेलं ती मान्य होण्यासारखी नाही, आणि जखमी मजुरांची व मृतांच्या कुटुंबांची काळजी घेतलीच पाहिजे. त्यानंतर होंडुरासचे प्रतिनिधी उठले. त्यांचं म्हणणं, या विषयाची ही जागा नव्हे.

आयटीत आम्ही हेच वाक्य रोज ऐकतो, फक्त भाषा वेगळी: "हे ऑफलाइन बोलू." ऑफलाइन गेलेला विषय सहसा परत येत नाही.

पुढच्या वर्षी त्या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या कार्यकारिणीसाठी उभ्या राहिल्या. महिलांसाठी राखीव जागा होती, तरी त्यांनी खुल्या जागेवर अर्ज भरला. 18 मतं पडली, हरल्या. डिसेंबर 2024 मध्ये 2034 चा विश्वचषक सौदी अरेबियाला टाळ्यांच्या गजरात दिला गेला. नॉर्वेने या पद्धतीवरचा आक्षेप लेखी कळवला आणि तो इतिवृत्तात नोंदवा, असा आग्रह धरला. निर्णय बदलला नाही. 2025 मध्ये मात्र त्या त्याच कार्यकारिणीवर निवडून आल्या.

नुसत्या नोंदीने काय होतं, असं कुणी विचारेल. आमच्या कामात लॉग असतो. सिस्टीममध्ये काय घडलं, ते तो वेळेसकट लिहून ठेवतो. लॉग बिघाड दुरुस्त करत नाही. पण सहा महिन्यांनी शोध घ्यायची वेळ येते, तेव्हा लॉग नसेल तर जो तो म्हणतो, "तेव्हा कुणी काही बोललंच नाही."

आपण आता चाळिशी ओलांडली. सोसायटीची सभा, मुलांच्या शाळेची पालकसभा, ऑफिसमधली बैठक, सगळीकडे आपल्याला खुर्ची मिळते. प्रत्येक वेळी जिंकता येणार नाही. पण पटलं नाही तर हात वर करू, शांतपणे कारण सांगू, आणि सचिवांना म्हणू, "एवढं मिनिट्समध्ये लिहा."

मैत्रिणींनो, हे तुम्हाला जरा जास्तच आग्रहाने सांगते.