क्रीडासंस्कृतीची शेतचारी
(गोसीखुर्द येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. तेहतीस दरवाजांचे धरण आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट! परंतु केवळ जलाशय भरल्याने शेत भिजत नाही. मुख्य कालवा, वितरिका, लघुकालवा आणि अखेरीस शेतचारी, ही साखळी जिथे तुटते तिथे पाणी थांबते. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यानंतरही कालव्यांची कामे रेंगाळली, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

खेळाचेही तसेच आहे. क्रीडासंकुले आणि पदके हा जलाशय. गावातील प्रत्येक मुलामुलीने रोज खेळणे हे भिजलेले शेत. मधल्या चाऱ्यांचा विचार क्वचितच होतो.

एखादा भाग सुटा न पाहता भागाभागांतील संबंध पाहावा, असे आज व्यवस्थाशास्त्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या कृतियोजनेने शारीरिक निष्क्रियता २०३० पर्यंत १५ टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य ठेवले, तेही याच समग्र दृष्टीने. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाच्या अभ्यासकांस ही दृष्टी नवी नाही.

शाळेत कबड्डीचा संघ निवडला जातो. बारा जण खेळतात, उरलेले टाळ्या वाजवितात. न खेळणाऱ्यांची गोडी आटते, मैदान ओस पडते, ओस मैदानावर अतिक्रमण होते आणि खेळणारे आणखी घटतात. शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे क्रीडागुण या योजना स्वागतार्हच. पण त्यांचा लाभ वरच्या पायऱ्या चढलेल्यांना मिळतो. पहिल्या पायरीवर मुलाला आणणार कोण?

याचे उत्तर नागपुरात सुरू झालेल्या शाखेच्या रचनेत आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, साधनांचा खर्च जवळजवळ नाही. ‘निवड न झालेला’ असा कोणी नाही. न आलेल्याच्या घरी गटनायक जातो. एक आला की दुसरा येतो. संख्या वाढली की खेळ रंगतो, खेळ रंगला की संख्या वाढते. मातृशक्तीसाठी १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी स्थापिलेल्या राष्ट्र सेविका समितीनेही हीच वाट धरली.

गोसीखुर्दच्या विस्थापित गावांपुढे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. घर आणि शेत यांचा मोबदला मोजता आला. नदीकाठची वाळू आणि खळ्याची मोकळी जागा, जिथे पिढ्या खेळल्या, तिची किंमत कोणत्या कागदावर लिहिणार? पुनर्वसनाच्या नागरी सुविधांत शाळेसोबत मैदान असते. परंतु नकाशावरचे मैदान आणि खेळते मैदान यांत अंतर आहे. ते अंतर शासन एकट्याने मिटवू शकत नाही.

हा भातपट्टा आहे. रोवणीच्या दिवसांत घरातील हात शेतात गुंततात. तेव्हा स्पर्धा ठेवून मुले येत नाहीत म्हणणे व्यर्थ. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, सगळा गाव एकत्र असतो. कबड्डी, खो-खो आणि आट्यापाट्या तेव्हा रंगू शकतात. मुली खेळाव्यात तर मैदान वस्तीजवळ हवे, वेळ दिवे लागण्यापूर्वीची हवी, सोबत एखादी ताई हवी. जलाशयाकाठच्या मुलांना पोहणे आलेच पाहिजे. वैनगंगेशी पिढीजात नाते असलेल्या ढीवर समाजातील जाणत्यांना त्यासाठी गुरुस्थानी मानावे. सुरक्षेची साधने आणि पालकांची संमती मात्र अनिवार्य.

म्हणून प्रत्येक गावाने प्रथम चार गोष्टी पाहाव्यात: मैदान कोणाच्या ताब्यात आहे, कोणती वेळ सर्वांना सोयीची आहे, रोज उभा राहणारा कार्यकर्ता कोण, आणि कोणत्या घरांतील मुले येत नाहीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर अहवालात सापडणार नाही; त्यासाठी त्या घरांची दारे ठोठवावी लागतील. वस्ती कोणतीही असो, समाज कोणताही असो, तेथील शेवटचे मूल मैदानावर येईपर्यंत हे काम पुरे झाले असे कोणी मानू नये.