हाफकिनांची बाटली आणि आपल्या कपाटातील गोळ्या



प्लेगाच्या वर्षी गाव मोडून माळावर झोपड्या घातल्याच्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी घरातील म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या असतील. शेजारचे बेळगाव आणि पलीकडची हुबळी त्या साथीत चांगलीच पोळली. ज्यांनी ह्या रोगाशी मुंबईत सामना केला, त्या जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ह्यांच्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

हाफकिनांचा जन्म 1860 साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणे दुरापास्त, म्हणून ते पॅरिसला पाश्चर संस्थेत ग्रंथपालाचे मदतनीस झाले. 1892 साली पटकीची लस करून त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचली व पुढल्या वर्षी हिंदुस्थान गाठला. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस हजर झाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाले काय, तर लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्श्यात ते प्लेगाचे जंतू वाढवीत. वर तुपाचे थेंब सोडीत. त्या तरंगत्या तुपाला धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लडी खाली लोंबत. मग उष्णतेने जंतू मारले की लस तयार. तुपाचा असा उपयोग आपल्या एकाही सुगरणीला सुचला नसता! 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली, आणि 1898 साली हुबळीस हजारो लोकांना. पुष्कळांना मात्र सुईचा संशय येई. सरकारी सक्तीने चिडलेल्या त्या लोकांना केवळ अडाणी म्हणणे आम्हांस पटत नाही.

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल खेड्यात एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचे काम गेले. पुढे निष्पन्न झाले ते असे, की बूच काढावयाचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस ह्यांनी विलायतेत आवाज उठविला आणि 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे मात्र गेली ती गेलीच. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले 1925 साली.

त्याच परळच्या संस्थेत 1940 च्या सुमारास सोखी, वागळे, दीक्षित प्रभृतींनी सल्फा औषधांनी प्लेग बरा होतो काय हे पाहिले, आणि मृत्यू पुष्कळ घटले. ह्यांतील डॉ. भा. बा. दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मागाहून स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन आली. प्लेगाची भीती जणू सरली.

पण 1995 साली मादागास्करात एका सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगी प्लेगाचा जो जंतू सापडला, त्यावर ह्यांतील सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही सारीच औषधे लागू पडेनात. ही ताकद जंतूच्या पोटातील एका लहानशा वलयात असते, आणि एक जंतू ती दुसऱ्यास देऊ शकतो. शेजारणीने विरजण द्यावे, तसे. देणारीचे काही कमी होत नाही, आणि घेणारीचे दही लागते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 ह्या अवधीत कार्बापेनेम ह्या जबर औषधांना न जुमानणारे 24 जंतू तपासले. त्यांपैकी 22 जणांपाशी एकच जनुक निघाले.

अशा औषधाच्या प्रत्येक वापराने कच्चे जंतू मरतात, चिवट उरू शकतात. 1994 साली सुरतेस प्लेगाची आवई उठताच टेट्रासायक्लिनवर लोकांची झुंबड उडाली. निरोग्यांनीही गोळ्या गिळल्या. आम्ही तरी वेगळे कोण? घरी उरलेल्या चार कॅप्सूल आम्हीही कपाटात जपून ठेवल्या, आणि पुढल्या पावसाळ्यात साध्या पडशाला दिल्या. पडसे हे विषाणूचे, त्यावर ह्या औषधाचा काडीइतका उपयोग नाही, हे ठाऊक असून.

2014 च्या मार्चपासून अशा अनेक औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवावी, डॉक्टरचे व रोग्याचे नाव लिहावे आणि ती वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. उद्या बाजारात औषध घ्यावयास गेलात, तर ती वही एकदा मागून पाहा.