गेलेली वाचा आणि नवे यंत्र
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि आपल्या एका उदार देणगीदारांनी, दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ, पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णांसाठी मेंदूस चुंबकीय उद्दीपन देणारे यंत्र घेऊन देण्याची तयारी दर्शविली आहे. त्यावर आज निर्णय व्हावयाचा आहे. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणांसमोर ठेवतो.

गतवर्षी बाजार समितीतील एक आडते आपल्याकडे दाखल झाले होते. त्यांचे सारे आयुष्य लिलाव पुकारण्यात गेलेले. उजवा हात-पाय हळूहळू सावरला; वाचेत मात्र 'हो' एवढा एकच शब्द उरला. पाणी हवे तरी 'हो', नको तरी 'हो'. घरच्यांना वाटले, बुद्धीच गेली. पण मुलाने वहीतील बेरीज मुद्दाम चुकविली, तेव्हा त्यांनी नेमके त्याच आकड्यावर बोट ठेवले. सायंकाळची आरतीही ते, अडखळत का होईना, सर्वांबरोबर म्हणत.

या अवस्थेस वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिस येथे डॉ. पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी करून डाव्या बाजूच्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धात वसते. गाण्यात आणि पाठांतरात उजव्या अर्धाचाही वाटा असावा. आरती टिकते ती त्यामुळे, असे आपले डॉक्टर सांगतात.

चुंबकीय उद्दीपनाची आजची पद्धत १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. डोक्यावर तारेचे वेटोळे धरतात. चिरफाड नाही, भूल नाही. डावी बाजू दुखावली की उजवी बाजू अवाजवी जोर करून तिला दाबते, अशी एक उपपत्ती आहे. म्हणून सेकंदास एक अशा संथ ठोक्यांनी उजवी बाजू शांत करावयाची. दुसरी पद्धत याहून साधी व स्वस्त: ओल्या स्पंजांतून १ ते २ मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह. डोक्यात धातूची क्लिप असणारे व फिट येणारे रुग्ण आधी पारखून घ्यावे लागतात.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वाचाघाताचे ७४ जुने रुग्ण होते. सर्वांना १५ बैठकांत शब्दांचा सराव दिला. सुमारे निम्म्यांना त्यासोबत खरा प्रवाह, उरलेल्यांना नुसता देखावा. खरा प्रवाह मिळालेल्यांच्या शब्दांत सरासरी सुमारे १४ ची भर पडली, इतरांच्या सुमारे ८ ची. पुढे मोठी चाचणी करणे योग्य ठरेल काय, एवढेच त्या अभ्यासास पाहावयाचे होते. तरीही जमाखर्चाच्या नजरेने पाहता, १४ पैकी ८ शब्द सरावाच्या खात्यावर पडतात. चुंबकीय पद्धतीचेही बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि तिलाही सरावाची जोड लागतेच.

हा सराव करून घेणारी वाक्-उपचारतज्ज्ञ आपल्याकडे आठवड्यातून दोनच दिवस येते. यंत्र हा भांडवली खर्च. त्यावर नामफलक लागतो. पगार हा महसुली खर्च. त्यासाठी आजवर एकाही देणगीदाराने धनादेश दिलेला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माझीही एकेकाळी तीच दृष्टी होती.

यास्तव माझी नम्र विनंती अशी, की देणगीदारांच्या संमतीने ही रक्कम मुदत ठेवीत गुंतवावी आणि तिच्या व्याजातून त्यांच्या पत्नीच्या नावे पूर्णवेळ वाक्-उपचारतज्ज्ञाचे पद निर्माण करावे. यंत्राचा विचार दोन वर्षांनी, त्या वेळचे पुरावे पाहून करावा. देणगीदारांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनी एकच विचारले, "फलक कुठे लावाल?" वाक्-उपचाराच्या खोलीच्या दारावर, असे मी सांगितले आहे.

त्या आडत्यांना आता मुलाचे नाव घेता येते. भाव अजून बोटांनीच सांगतात. ते आज मागच्या रांगेत बसले आहेत.

ठराव आपणांसमोर मांडतो.