समुद्राच्या पोटातील प्राणवायू

नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ अर्पण करून कोळी बांधव होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो, मासळीची आशा मोठी असते. परंतु याच सुमारास पश्चिम किनाऱ्यालगतच्या तळाशी प्राणवायू घटत चाललेला असतो. डोळ्यांना न दिसणारी ही घट मोजण्याचे काम गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करीत आली आहे.

१९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांच्या ४० हून अधिक जहाजांनी हिंदी महासागराचे संशोधन केले. त्या मोहिमेच्या प्रेरणेने १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था जन्मास आली. प्रवाह व लाटा, पाण्यातील क्षार व वायू, जीवसृष्टी, आणि तळाचा गाळ व खडक अशा चार अंगांनी तेथे समुद्राचा अभ्यास होतो. प्राणवायूच्या प्रश्नात या साऱ्या शाखांचा संबंध येतो.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर सरते आणि खालचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात आणि त्यांवर मासळी पोसली जाते. तथापि, मृत वनस्पती तळाकडे जातात व त्या कुजविताना जिवाणू प्राणवायू संपवितात. शिवाय वर येणारे पाणी मुळातच प्राणवायूला पारखे असते. अशा पाण्यातून मासळी निघून जाते. म्हणजे जी क्रिया समुद्राला सुपीक करते, तीच त्याचा श्वासही कोंडते.

हे निसर्गचक्र जुनेच आहे. मात्र १९९९ साली संस्थेच्या शास्त्रज्ञांना पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात प्राणवायू पूर्णपणे संपलेला व विषारी हायड्रोजन सल्फाइड साठलेला आढळला. पृथ्वीची उष्णता वाढविणारा नायट्रस ऑक्साइड वायूही तेथून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत होता. शेतातील नत्रयुक्त खते वाहून समुद्रास मिळतात, हे या तीव्रतेचे एक संभाव्य कारण म्हणून २००० साली त्यांनी मांडले.

निसर्गाचा वाटा किती आणि मनुष्याचा किती, हे एका सफरीत ठरत नाही. त्यासाठी त्याच ठिकाणी, वर्षानुवर्षे, पुनःपुन्हा पाणी तपासावे लागते. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर शास्त्रज्ञांनी असेच दीर्घकाळ मोजमाप केले. शेतात टाकलेल्या खताचा हिशेब शेवटी कोळ्याच्या जाळ्यात होण्याचा संभव आहे. म्हणूनच या नोंदींचे मोल प्रयोगशाळेपुरते राहत नाही.