बुचाची काजळी

आज मी एका हसवणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. बर्ट विल्यम्स. १८७४ साली बहामा बेटांवर जन्मला, अमेरिकेत नट झाला. माणूस काळा, पण रंग उजळ. म्हणून स्टेजवर जायच्या आधी बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायची. गोऱ्यांना त्यांच्या डोक्यातलाच काळा बघायचा होता.

१९०३ मध्ये त्यानं आणि त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकरनं ‘इन दाहोमी’ ब्रॉडवेवर नेलं. लिहिणारे काळे, गाणारे काळे, नाचणारे काळे. त्याच वर्षी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात प्रयोग झाला. १९१० पासून तो झिगफेल्डच्या ‘फॉलीज’मध्ये. गोरे नट बिथरले, पण झिगफेल्ड बधला नाही. पगार मोठा, नाव मोठं. हॉटेलात मात्र मागच्या लिफ्टनं चढायचं!

१९२२ च्या फेब्रुवारीत, डेट्रॉइटला, आजारी असताना तो स्टेजवर कोसळला. लोकांना वाटलं, हीही नक्कलच. हसले. ४ मार्चला तो मेला. वय ४७.

काहीजण म्हणतात, त्यानं लाचारी केली, आपल्याच माणसांची टिंगल विकली. मला हे पटत नाही. पोटासाठी कुणी सोंग घेतलं की आपण सोंग घेणाऱ्यालाच धरतो. मी आधी विचारतो, हे सोंग मागितलं कुणी? तिकीट काढून समोर कोण बसलं होतं? जाब विचारायचा तर त्यांना विचारू या.