निबंधाचा विषय कोणी द्यावा?

(संस्थेच्या वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही. बँकेत कारकून आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, आणि तेवढ्या भांडवलावर संस्थेने गेली काही वर्षे निबंध स्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे सोपविले आहे. आज कार्यकारिणीने मला बोलण्यास सांगितले आहे ते यंदाच्या स्पर्धेची घोषणा करण्यासाठी. परंतु घोषणेपूर्वी मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. चूक माझी स्वतःची आहे.

मागच्या एका स्पर्धेचा विषय होता, 'माझे आदर्श : डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. चाळीसेक निबंध आले. बहुतेकांची सुरुवात 14 एप्रिल 1891 आणि महू येथून, शेवट कोटी कोटी प्रणामाने. मधला मजकूर कोणी मार्गदर्शकातून उतरविला होता, कोणी मोबाईलवरून. दोन निबंधांत तर एकच साल एकसारखेच चुकले होते. मी मुलांना दोष देत नाही. ज्या विषयाचे उत्तर आधीच छापलेले आहे, त्यावर मूल दुसरे काय लिहिणार?

त्या गठ्ठ्यात आठवीतल्या एका मुलीचा निबंध होता. त्यात बाबासाहेबांविषयी दोन-तीनच ओळी होत्या. बाकी सगळे आजीविषयी. आजीला अक्षरओळख नाही. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडावयास जात होती. आता रोज संध्याकाळी ती नातीला पुस्तक मोठ्याने वाचावयास लावते. नातीने कंटाळून मधली एखादी ओळ गाळली, तर ते आजीच्या लगेच लक्षात येते. ती म्हणते, "इथं काहीतरी सुटलं बाई, मागं जा." आणि शेवटी त्या मुलीने लिहिले होते की, भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाला आजीने कधी पाहिले नाही, पण रोज पुस्तक उघडायला तोच सांगतो असे आजीला वाटते.

माझ्यापुढे गुणांचा तक्ता होता. जन्म व बालपण 5, शिक्षण 5, कार्य 10, भाषा व हस्ताक्षर 5. त्या तक्त्यात आजी कोठेच बसत नव्हती. मी पंचवीसपैकी नऊ गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला, 'विषयाला धरून नाही.'

पुढच्या वर्षी स्पर्धकांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिचे वडील पासबुक भरून घेण्यासाठी बँकेत येतात. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "नाही दिलं साहेब तिनं नाव. म्हणते, त्यांना जे पाहिजे ते मला लिहिता येत नाही."

हे वाक्य ऐकून मी खिडकीमागे गप्प बसलो. कारण असेच काहीतरी माझ्याही बाबतीत घडले होते, फक्त उलट्या दिशेने. आमच्या शाळेत एकदा निबंध आला, 'मी पाहिलेला समुद्रकिनारा'. मराठवाड्याला समुद्र नाही. वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिला नव्हता, मीही नाही. मी पैठणचा नाथसागर पाहिला होता. एका लग्नाला जाताना धरणाच्या भिंतीवर उभे राहून, एवढे पाणी असूनही आमच्या वस्तीत हंड्यांची रांग का, असा प्रश्न मला पडला होता. पण ते कोणी विचारले नव्हते. मी मार्गदर्शकातला समुद्र उतरविला, त्यातल्या नारळाच्या झाडांसकट. मला चांगले गुण पडले, निबंध वर्गात वाचून दाखविला गेला. त्या दिवशी मी एवढेच शिकलो की, गुण हवे असतील तर न पाहिलेले लिहावे आणि पाहिलेले झाकून ठेवावे. त्या मुलीने तसे केले नाही, म्हणून ती नापास झाली.

बंधू-भगिनींनो, बँकेत पैसे काढण्याच्या स्लिपवर चौकटी आखलेल्या असतात. रक्कम रकमेच्या चौकटीत, सही सहीच्या जागी. तेथे ते योग्यच आहे. पण लिहिणे म्हणजे स्लिप भरणे नव्हे. आपण निबंध स्पर्धेची स्लिप करून टाकली आहे, आणि चौकटी आखणारे आम्ही चार-पाच जण आहोत.

विषय देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1855 हे साल घ्या. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग समाजातील मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. त्या काळी कोणत्याही पंतोजीने हा विषय फळ्यावर लिहिला नसता. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने त्यात मांडले, आणि ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारला. चौदा वर्षांच्या मुलीला हे सुचले, कारण ते तिच्या दारात होते आणि ते लिहिण्यास कोणी मना केले नाही.

त्याच 1855 मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रज सरकारने मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळविला होता, त्याची ही कमिटी. भोळ्या कुणब्याला भटभिक्षुक कसे लुबाडतात, हा नाटकाचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. ही हकिकत जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवली आहे. ते नाटक छापून निघण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. मुलीचा निबंध छापणारे संपादक त्या वर्षी होते आणि नाटक परत करणारी कमिटीही होती. आपली परीक्षक समिती या दोहोंपैकी कोणासारखी असावी, हे आपणच ठरवावयाचे आहे. आजीच्या निबंधावर शेरा मारताना मी कोणत्या बाजूला होतो, ते मला आता कळले आहे.

आणि आपण तर या शहरातले लोक. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 1967 साली त्रैमासिक सुरू केले, ते पुढे 'अस्मितादर्श' या नावाने महाराष्ट्रभर पोचले. त्यात लिहिणाऱ्या कित्येकांच्या आयुष्यातले विषय शाळेच्या निबंधमालेत कधीच आलेले नव्हते. गावकुसाबाहेरचे घर, मेलेले ढोर, वसतिगृहातले जेवण, अंगावरची ठिगळे. ते विषय त्यांनी आपल्या जगण्यातून घेतले, म्हणून मराठी साहित्यास ते नवे वाटले.

मिलिंद हे नावदेखील एका प्रश्न विचारणाऱ्याचे आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. 'मिलिंदपञ्ह' म्हणजे मिलिंद राजाचे प्रश्न. त्यात राजा भदंत नागसेनांना संवादाची विनंती करतो, तेव्हा नागसेन एक अट घालतात. पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे असेल तर नाही. पंडितांच्या वादात कोणी चूक दाखविली तर ती मान्य करतात, रागावत नाहीत. राजे मात्र आपले मत मांडतात आणि ते न मानणाऱ्याला दंड करतात. माझी लाल शाई ही राजाची शाई होती.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने मी आज जाहीर करतो की, यंदाच्या स्पर्धेचे विषय समिती ठरविणार नाही. ते आपण सर्वांनी सुचवावयाचे आहेत. विहाराच्या दाराशी एक पेटी ठेवली आहे. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच विषय, एका ओळीत लिहून टाकावा. तो लहान गटासाठी, मोठ्या गटासाठी की प्रौढांसाठी, एवढे नमूद करावे. नाव लिहू नये, म्हणजे पदाधिकाऱ्याची चिठ्ठी आणि पाचवीतल्या मुलाची चिठ्ठी सारखीच राहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कोणाकडूनही लिहून घ्यावे. आपल्या आया-आज्यांचे विषय या पेटीत आले नाहीत, तर ही योजना फसली असे मी समजेन.

विषय कसा असावा, याविषयी थोडे सांगतो. अंगुत्तर निकायात भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींचे थेट उत्तर द्यावे, काहींचे फोड करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावे, आणि काही बाजूस ठेवावेत. आपल्या कामाला ही वाटणी फार उपयोगी आहे.

थेट उत्तराचे प्रश्न, म्हणजे जन्मतारखा, ग्रंथांची नावे, सत्याग्रहांची साले. हे पाठ असलेच पाहिजे. काही ज्येष्ठांनी मला विचारले की, महापुरुषांचे विषय काढून टाकले तर मुले इतिहास विसरतील, त्याचे काय? त्यांची काळजी खरी आहे. त्यासाठी आपण सामान्यज्ञानाची परीक्षा स्वतंत्र घेणार आहोत. निबंधात मात्र असे प्रश्न नकोत.

निबंधाला हवेत ते दुसऱ्या प्रकारचे, फोड करून सांगण्याचे. उदाहरणार्थ, 'नळाला पाणी येते तो दिवस'. आपल्या शहरात पाण्याच्या पाळीची वाट ज्याने पाहिली आहे, त्याला त्यावर चार पाने लिहिता येतील. किंवा 'आमच्या घरातली पत्र्याची पेटी', 'आईचे हात', 'घरात सर्वांत आधी शाळेत कोण गेले?'

तिसरा प्रकार उलट प्रश्नांचा. म्हणजे ज्या विषयासाठी मुलाला उठून दुसऱ्याकडे जावे लागेल, विचारावे लागेल. 1979 च्या लाँग मार्चमध्ये चाललेली माणसे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचे नामांतर झाले, तेव्हा तुमच्या घरचे कोठे होते, काय करीत होते? हे कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही. आजोबांजवळ बसावेच लागेल.

चौथा प्रकार बाजूस ठेवण्याचा. 'माझ्यावर झालेला अन्याय' असा विषय एखादा वडीलधारा तळमळीने सुचवील. त्याची तळमळ मला कळते. परंतु एखाद्या मुलाची जखम अजून ओली असेल, त्याने ती बक्षिसासाठी उघडी करावी काय? आणि ज्याची जखम मोठी त्याला पहिला क्रमांक, असे गुण आपण द्यावयाचे काय? ज्याला लिहावेसे वाटेल त्याने अवश्य लिहावे, पण आपण ते मागू नये. म्हणून प्रत्येक गटात तीन विषय राहतील आणि चौथी जागा मोकळी राहील. स्वतःच्या मनचा विषय स्वतःच लिहावा, अशी.

चिठ्ठ्या आषाढ पौर्णिमेपर्यंत स्वीकारल्या जातील. त्या दिवशी सर्वांसमोर पेटी उघडू, प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचू आणि हात वर करून विषय निवडू. वर्षावासाच्या तीन महिन्यांत निबंध लिहून द्यावयाचे. बक्षिसे धम्मचक्र प्रवर्तन दिनी. गुणांचा जुना तक्ता मी फाडून टाकला आहे. 'विषयाला धरून नाही' असा शेरा यापुढे कोणत्याही निबंधावर पडणार नाही.

शेवटी एक सांगतो. बँकेच्या खातेवहीत चुकीची नोंद कधी खोडत नाहीत. तिची उलट नोंद करतात, तारीख घालतात, आणि सही करतात. त्या मुलीचे नऊ गुण मला आता खोडता येणार नाहीत. आजचे हे बोलणे हीच माझी उलट नोंद समजावी. ती मुलगी आज या मंडपात आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तिने पेटीत चिठ्ठी टाकावी. नसेल तर तिच्या शेजारपाजारच्यांनी हा निरोप तिच्या आजीपर्यंत पोचवावा, की निबंध वाचताना आमच्याकडून एक ओळ सुटली होती, आम्ही मागे जात आहोत.

 जाताना पेटीजवळ क्षणभर थांबावे, चिठ्ठ्या व पेन तेथेच ठेवले आहेत.

जयभीम! जय भारत!