घोड्याचे दात : बघायचे कसे, जपायचे कसे

आज आम्ही गटातल्या बाया घोड्याच्या दातांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्या रत्नागिरीत गाय, म्हैस, शेळी. घोडा कुठून आला? पण गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आपण बघतोच. तिकडे माथेरानला तर मोटारींना बंदी, त्यामुळे कित्येक घरांची चूल घोड्यावरच पेटते. फेऱ्या मारायला घोडेवाला जातो, पण चंदी भिजवणं, गवत टाकणं, लीद काढणं हे पुष्कळदा घरातल्या बाईकडेच असतं. म्हणून घोड्याचं तोंड दुखतंय हे आधी तिच्याच लक्षात येऊ शकतं.

आपल्याकडे म्हणतात, हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. घोड्याचंही थोडं तसंच आहे. त्याचे पुढचे दात वय सांगतात, पण दुखणं बहुतेक वेळा मागच्या दाढांत लपलेलं असतं.

आधी वयाचं बघू. गाईला आणि शेळीला वर पुढचे दात नसतात, खालीच आठ असतात. घोड्याला मात्र वर सहा, खाली सहा. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पक्की येते, साडेतीनला तिच्या शेजारची आणि साडेचारला कडेची. पाच वर्षांचा घोडा पुऱ्या तोंडाचा. त्यापुढे खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात. मधले साधारण सहाव्या वर्षी, शेजारचे सातव्या आणि कडेचे आठव्या. नंतरचं वय नुसता अंदाज असतो. दात कोरून, डागून खोटे खळगे पाडायची लबाडीही या व्यापारात फार जुनी आहे. कर्ज काढून घोडा घ्यायचा असेल, तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. घोड्याचं तोंड डॉक्टरांना दाखवा आणि मगच पैसे मोजा.

आता दाढांचं. आपले दात एकदा आले की वाढत नाहीत. घोड्याचा दात मात्र हाडात खोल असतो आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो. दिवसभर गवत चघळून तेवढाच झिजतो, म्हणून मेळ बसतो. पण घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड नीट झिजत नाही. तिथे धारदार टोकं तयार होतात. ती गालाला आणि जिभेला कापतात, जखमा होतात. चरायला कमी आणि चंदी जास्त असेल तर चघळणं कमी होतं आणि हा त्रास वाढतो.

ओळखायचं कसं? तोंडात हात घालायची गरज नाही. गव्हाणीखाली बघा. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेत का? खाताना घोडा मान एका बाजूला वाकडी करतो का? लिदीत अख्खे दाणे किंवा लांब काड्या दिसतात का? तोंडाला घाण वास येतो का? एकाच नाकपुडीतून घाण वाहते का? जबड्याला सूज आहे का? चंदी तीच असून बरगड्या दिसायला लागल्या का? नीट न चावलेलं गवत पोटात गेलं की पोटशूळ उठू शकतो, घास घशात अडकू शकतो. पोटशुळाने घोडा दगावतोही.

आणखी एक. लगाम लावताना घोडा डोकं झटकतो, तेव्हा त्याला मस्ती आली म्हणून चाबूक बसतो. लगामाचं लोखंड पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या हिरडीवर बसतं. ओढ बसली की गालही धारदार दाढांवर दाबले जातात. तिथे जखम असेल तर ते मुकं जनावर दुसरं काय करणार? मारण्याआधी तोंड तपासून घ्या.

ओठ हळूच उचलून पुढचे दात आणि हिरड्या आपण बघू शकतो. गालावरून बोट फिरवताना घोडा दचकला, तर तेही लक्षात ठेवा. पण दाढा बघायचं काम डॉक्टरांचंच. ते तोंड उघडं धरणारी चौकट लावतात, गरज असेल तर गुंगीचं औषध देतात आणि लांब दांड्याच्या कानशीने टोकं घासतात. टोकाला संवेदना नसते, पण जास्त घासलं तर दात कायमचा बिघडतो. म्हणून घरची कानस लावू नका आणि जत्रेतल्या कुणाच्याही हाती तोंड देऊ नका.

आता वर्षाचं नियोजन. मोठ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा, दोन ते पाच वर्षांच्या घोड्याचे सहा महिन्यांनी तपासा, कारण त्या वयात दुधाचे दात पडून पक्के येत असतात. म्हाताऱ्या घोड्याचेही सहा महिन्यांनी बघितलेले बरे. आपल्याकडे पावसात किनाऱ्यावरच्या फेऱ्या थंडावतात. तेव्हाच तपासणी उरकली तर दिवाळीच्या गर्दीआधी जखमा भरून येतात. तालुक्याच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. चार घरांनी एकच दिवस ठरवला तर डॉक्टरांची फेरी आणि खर्च दोन्ही वाटले जातात. गटात दर महिन्याला थोडे पैसे यासाठी बाजूला टाका. वहीत तारीख, काय सापडलं आणि पुढची तपासणी कधी, एवढं लिहा. धनुर्वाताची लस कधी दिली तेही लिहा, कारण घोड्याला तो रोग फार लवकर होतो.

ज्याच्या दाढा गेल्यात त्याला कोरडं लांब गवत देऊ नका. बारीक कापलेला हिरवा चारा, भिजवलेला कोंडा थोडा थोडा करून द्या.

ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांनीही शेळी घेताना खालचा ओठ उचलून बघावा. दोन मोठे दात म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, आठही मोठे म्हणजे चार वर्षांच्या आसपास. दात पडलेली, झिजलेली शेळी ‘पहिलटकरीण आहे’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर पैसे कमरेलाच राहू द्या.

उद्या सकाळी गव्हाण झाडायच्या आधी तिच्या खाली काय पडलंय ते नजरेखालून घाला. येतो आम्ही. नमस्कार.